पीव्हीआय हलवला, मग काय काय हललं? रस्त्याच्या प्रोफाइलमधले बदल

मागच्या व्याख्यानात आपण रस्त्याची अलाइनमेंट पाहिली, म्हणजे वरून बघितल्यावर रस्ता डावी-उजवीकडे कसा वळतो ते. आज त्याच रस्त्याकडे बाजूने बघायचंय. रस्ता कुठे चढतो, कुठे उतरतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये हा चढ-उतार बदलताना काय काळजी घ्यायची, एवढाच आजचा विषय. उदाहरणं मी सिव्हिल थ्रीडीमधली देणार आहे, कारण तुमच्यापैकी बरेच जण ते वापरतात. पण दुसरं कुठलं सॉफ्टवेअर असलं तरी गणित हेच राहतं.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

नोकरीची पहिली काही वर्षं होती. एका गावातून जाणाऱ्या रस्त्याचं रुंदीकरण होतं. गावात एका ठिकाणी मोरी होती, आणि मोरीच्या साधारण पाचशे मीटर अलीकडे एक उंचवटा. वर मुरूम, खाली कातळ. कातळ फोडायचा म्हणजे खर्च आला, म्हणून मला सांगण्यात आलं की तिथली लेव्हल जरा उचलून बघ. मी स्क्रीनवर उंचवट्यावरचा बिंदू माउसने धरला आणि दीड मीटर वर ओढला. कातळाची खोदाई कमी झाली, सगळे खूश. ड्रॉइंग निघालं, कामही झालं.

पहिल्या पावसात साइटवर गेलो तर रस्त्याचं पाणी मोरीपाशी न थांबता अकरा मीटर पुढे जाऊन साचत होतं. समोर एका आजींचं घर. त्या मला म्हणाल्या, "साहेब, मोरी तिकडं हाय आन् पाणी माज्या दारात. पाणी कुठं सोडायचं ते रस्त्याला कुणी सांगितलं न्हाई का?"

मी मोरीजवळच्या कुठल्याही आकड्याला हात लावलेला नव्हता. मग तिथला सखल बिंदू सरकला कसा? या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की आजचं व्याख्यान समजलं.

प्रोफाइलमधल्या दोन रेषा

प्रोफाइल म्हणजे आपण साइटवर ज्याला एल-सेक्शन म्हणतो तेच. आडवं अंतर म्हणजे चेनेज, उभं अंतर म्हणजे लेव्हल. त्यात दोन रेषा असतात. एक जमिनीची, जी सर्व्हेच्या सरफेसवरून सॉफ्टवेअर स्वतः काढतं. दुसरी आपल्या रस्त्याची, जी आपण आखतो. पहिली रेषा निसर्गाने दिलेली आहे, तिच्याशी वाद नाही. बदलायची असते ती दुसरी.

ही दुसरी रेषा सरळ तुकड्यांची बनलेली असते. प्रत्येक तुकड्याला एक ग्रेड असतो. तीन टक्के चढ म्हणजे शंभर मीटर पुढे गेलो की तीन मीटर वर. दोन सरळ तुकडे जिथे एकमेकांना भेटतात तो बिंदू म्हणजे पीव्हीआय. तिथे टोक राहू नये म्हणून कर्व्ह घालतात. चढावरून उताराकडे जाताना वर फुगलेला तो समिट कर्व्ह, उतारावरून चढाकडे जाताना खाली झुकलेला तो व्हॅली कर्व्ह.

ग्रेडचा अंदाज यावा म्हणून सांगतो. मुंबईहून पुण्याला जाताना बोरघाटात रेल्वेला जो चढ आहे तो सदतीसात एक, म्हणजे सुमारे २.७ टक्के. तेवढ्यासाठी गाडीला मागून इंजिन जोडतात. रस्त्यावरची वाहनं याहून जास्त चढू शकतात. सपाट आणि उंचसखल मुलुखासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने, म्हणजे आयआरसीने, रूलिंग ग्रेड ३.३ टक्के दिलाय, लिमिटिंग ५ टक्के, आणि अगदीच इलाज नसेल तिथे ६.७ टक्के. रोजचं डिझाइन रूलिंगच्या आत ठेवायचं, बाकीचे आकडे नाइलाजाचे.

कर्व्ह साधारणपणे पॅराबोलाचा असतो. कारण सोपं आहे. पॅराबोलावर दर मीटरला ग्रेड सारखाच बदलत जातो, त्यामुळे गाडीत बसलेल्या माणसाला धक्का बसत नाही आणि लेव्हलचं गणितही हाताने करता येतं. एक टक्का ग्रेड बदलायला जितके मीटर लागतात त्याला के व्हॅल्यू म्हणतात. कर्व्हची लांबी भागिले दोन ग्रेडमधला फरक, झाला के. के मोठा म्हणजे कर्व्ह निवांत, के लहान म्हणजे कर्व्ह आखूड आणि टोकदार.

अजून एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती डोळ्यांना फसवते. प्रोफाइल व्ह्यूमध्ये उभं माप आडव्या मापाच्या बहुधा दहापट ताणलेलं असतं. तीन टक्क्यांचा साधा चढ तिथे तीस टक्क्यांच्या डोंगरासारखा दिसतो. तसं ताणलं नाही तर काही दिसणारच नाही, म्हणून ते करावंच लागतं. पण या चित्रात "कर्व्ह छान गुळगुळीत दिसतोय" या वाक्याला काही अर्थ नाही. प्रोफाइल डोळ्यांनी बघायचा आणि आकड्यांनी तपासायचा.

एक पीव्हीआय दीड मीटर उचलू

आता कागद-पेन घ्या. रस्त्याचा डिझाइन वेग ताशी ८० किलोमीटर. चार पीव्हीआय आहेत, चारशे-चारशे मीटरवर.

चेनेज १००० ला लेव्हल ५००.००
चेनेज १४०० ला लेव्हल ५१२.००
चेनेज १८०० ला लेव्हल ५०४.००
चेनेज २२०० ला लेव्हल ५१०.००

म्हणजे आधी ३ टक्के चढ, मग २ टक्के उतार, मग १.५ टक्के चढ. १४०० ला समिट, १८०० ला व्हॅली. १००० च्या आधीही १ टक्क्याचा चढ येतोय असं धरा.

समिटला कर्व्ह किती लांब हवा? ड्रायव्हरला पुढचा अडथळा वेळेत दिसला पाहिजे. ताशी ८० किलोमीटरला गाडी थांबवण्यासाठी आयआरसीप्रमाणे १२० मीटर अंतर दिसायला हवं. ड्रायव्हरचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटर उंच आणि अडथळा ०.१५ मीटर उंच, असं गृहीत धरलं की सूत्र येतं: लांबी बरोबर ग्रेडमधला फरक गुणिले दृष्टीअंतराचा वर्ग, भागिले ४.४. कर्व्ह दृष्टीअंतरापेक्षा लांब असेल तेव्हाचं हे सूत्र आहे. इथे फरक आहे ५ टक्के, म्हणजे ०.०५. ०.०५ गुणिले १४४०० भागिले ४.४, उत्तर १६३.६ मीटर. आपण १७० घेऊ. के झाला ३४. किमान लागतो ३२.७. म्हणजे ठीक.

पीव्हीआय ५१२.०० ला आहे, पण तिथे रस्त्याची लेव्हल ५१२.०० नाही. कर्व्ह पीव्हीआयच्या खालून जातो. किती खालून? ग्रेडचा फरक टक्क्यात, गुणिले लांबी, भागिले ८००. पाच गुणिले १७० भागिले ८००, म्हणजे १.०६ मीटर. रस्ता आहे ५१०.९४ ला. पीव्हीआय हा हवेतला बिंदू आहे, त्यावरून कुणी गाडी चालवत नाही. नवीन मुलं इथे नेहमी अडकतात.

व्हॅलीला कर्व्ह १०० मीटर धरू. रात्री हेडलाइटच्या उजेडात पुढचं दिसावं या निकषाने ७७ मीटर लागतो, म्हणजे १०० पुरेसा. आता इथे सखल बिंदू कुठे? १८०० ला नाही. कर्व्ह १७५० ला सुरू होतो, आणि सखल बिंदू सुरुवातीपासून १०० गुणिले २ भागिले ३.५, म्हणजे ५७ मीटरवर. चेनेज १८०७. मोरी आपण तिथे ठेवली.

आता साहेब म्हणाले, समिटला खोदाई फार होतेय, दीड मीटर उचला. आपण १४०० चा पीव्हीआय ५१३.५० केला. एकच आकडा बदलला. काय काय झालं बघा.

पहिलं, अलीकडचा चढ ३ वरून ३.३७५ टक्के झाला. रूलिंग ग्रेड ओलांडला.

दुसरं, पलीकडचा उतार २ वरून २.३७५ टक्के झाला.

तिसरं, समिटवरचा फरक ५ वरून ५.७५ टक्के झाला. कर्व्ह १७० मीटरच राहिला असेल तर के आला २९.६, आणि ड्रायव्हरला दिसणारं अंतर लागणाऱ्या १२० ऐवजी ११४ मीटरवर आलं. सहा मीटर कमी. म्हणजे दीड गाडीइतकं अंतर.

चौथं, रस्ता दीड मीटर उचलला गेलाच नाही. फरक वाढला म्हणून कर्व्ह पीव्हीआयपासून आणखी खाली गेला, १.२२ मीटर. रस्त्याची नवी लेव्हल ५१२.२८. प्रत्यक्षात उचललं १.३४ मीटर. आणि सॉफ्टवेअरने लांबीऐवजी के ३४ धरून ठेवला असेल तर कर्व्ह साडेपंच्याण्णव अधिक शंभर, म्हणजे १९५.५ मीटर होतो, आणि रस्ता उचलला जातो फक्त १.१६ मीटर. साहेबांना दीड मीटर सांगून आपण सव्वा मीटरसुद्धा दिला नाही.

पाचवं, १८०० च्या व्हॅलीला आपण हात लावला नाही, तरी तिथे येणारा उतार बदलला. सखल बिंदू आता १०० गुणिले २.३७५ भागिले ३.८७५, म्हणजे ६१ मीटरवर. १८०७ वरून १८११. चार मीटर सरकला.

सहावं, १००० च्या पीव्हीआयवरचा फरकही २ वरून २.३७५ झाला, तिथला कर्व्हही पुन्हा तपासायला हवा.

म्हणजे एक पीव्हीआय हलवला की दोन ग्रेड बदलतात आणि तीन कर्व्ह बदलतात: त्याचा स्वतःचा, आधीच्याचा आणि नंतरच्याचा. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

आता माझ्या गावातली गोष्ट. तिथली व्हॅली फार सपाट होती. येणारा उतार ०.६ टक्के, जाणारा चढ ०.४ टक्के, कर्व्ह १२० मीटर. सखल बिंदू सुरुवातीपासून ७२ मीटरवर, बरोबर मोरीवर. पाचशे मीटर अलीकडे मी दीड मीटर उचललं, म्हणजे उतार झाला ०.९. नवा सखल बिंदू १२० गुणिले ०.९ भागिले १.३, म्हणजे ८३ मीटर. अकरा मीटर सरकला आणि आजींच्या दारात गेला. व्हॅली जितकी सपाट तितका हा बिंदू चंचल. गावठाणातले रस्ते बहुतेक असेच सपाट असतात, म्हणून तिथे जास्त जपायचं.

कुठलं हत्यार काय धरून ठेवतं

सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल बदलायचे चार-पाच मार्ग असतात. कमांडची नावं पाठ करण्यापेक्षा प्रत्येक मार्गाला एकच प्रश्न विचारा: हा काय हलवतोय आणि काय धरून ठेवतोय?

सिव्हिल थ्रीडीमध्ये प्रोफाइलवर क्लिक केलं की ग्रिप दिसतात. पीव्हीआयवरचा मधला त्रिकोण ओढला तर बिंदू मोकळा हलतो. चेनेजही बदलतं, लेव्हलही बदलते, दोन्ही ग्रेड बदलतात. काहीच धरून ठेवलेलं नसतं. माझी चूक इथलीच. बाजूचे त्रिकोण ओढले तर पीव्हीआय त्या बाजूच्या ग्रेडवरूनच सरकतो, म्हणजे तो ग्रेड तसाच राहतो आणि दुसऱ्या बाजूचा बदलतो. आपल्या उदाहरणात १४०० चा पीव्हीआय ३ टक्क्यांच्या चढावरूनच ४० मीटर पुढे सरकवला, तर तो १४४० ला ५१३.२० वर जातो. चढ ३ टक्केच राहतो, रूलिंगच्या आत. पण पलीकडचा उतार २.५६ टक्के होतो आणि समिटला सुमारे १८२ मीटर कर्व्ह लागतो. कर्व्हवरच्या गोल ग्रिपने कर्व्हची लांबी बदलते, ग्रेड तसेच राहतात.

दुसरा मार्ग म्हणजे जिऑमेट्री एडिटर उघडून प्रोफाइल ग्रिड व्ह्यू. सगळे पीव्हीआय एका तक्त्यात येतात: चेनेज, लेव्हल, येणारा ग्रेड, जाणारा ग्रेड, फरक, कर्व्हची लांबी, के. इथे आकडा टाइप करायचा. माझं मत विचाराल तर अंतिम प्रोफाइल नेहमी इथेच ठरवावा. माउसने ओढलेल्या बिंदूचं चेनेज १३९८.७३ असं काहीतरी येतं आणि ग्रेड ३.०४१७. साइटवरचा सर्व्हेअर त्या आकड्यांनी वैतागतो आणि त्याच्या हातून चूक होण्याची शक्यता वाढते. आकडा टाइप केल्यावर मात्र वरची आणि खालची ओळ पुन्हा वाचायची. आपण एका ओळीत लिहितो आणि बदल तीन ओळींत होतो.

तिसरा मार्ग, रेझ-लोअर पीव्हीआयज. निवडलेल्या टप्प्यातले सगळे पीव्हीआय एकसारखे वर किंवा खाली. आतले ग्रेड, कर्व्ह, के, सखल बिंदू, सगळं जसंच्या तसं राहतं. फक्त टप्प्याच्या दोन टोकांचे ग्रेड बदलतात. रस्त्यावर डांबराचे नवे थर येणार आहेत, सगळीकडे सारखी जाडी वाढवायची आहे, अशा वेळी हेच हत्यार. टोकं मात्र जुन्या रस्त्याला जुळतात का ते हाताने तपासायचं.

चौथा मार्ग, नवा पीव्हीआय घालणं. हा फार मोहात पाडतो. एका ठिकाणी भराव जास्त होतोय, टाका एक पीव्हीआय. दुसरीकडे खोदाई होतेय, टाका अजून एक. बघता बघता रस्ता जमिनीच्या प्रत्येक उंचवट्याबरोबर वरखाली व्हायला लागतो. मातीकाम कमी दिसतं, पण गाडी चालवणाऱ्याला उंटावर बसल्यासारखं होतं, आणि दोन उंचवट्यांच्या मधल्या खोलगटात समोरची मोटरसायकल लपते. शिवाय एकाच दिशेचे दोन कर्व्ह आणि मध्ये छोटासा सरळ तुकडा असं झालं तर रस्ता मोडल्यासारखा दिसतो. अशा ठिकाणी दोन पीव्हीआय काढून एक मोठा कर्व्ह घालता येतो का ते आधी बघा. पीव्हीआय काढून टाकणं हीसुद्धा एडिटिंगच आहे, आणि बऱ्याचदा ती चांगली एडिटिंग असते.

पिवळा त्रिकोण आला नाही, म्हणून बरोबर?

सिव्हिल थ्रीडीला डिझाइन क्रायटेरिया दिला असेल तर नियम मोडल्यावर प्रोफाइलवर इशाऱ्याचा त्रिकोण येतो. चांगली सोय आहे. पण नियम कुणाचे, हे आधी बघा.

सॉफ्टवेअर अमेरिकन आहे. त्याच्यासोबत आश्टोचे, म्हणजे अमेरिकेच्या मानकांचे, तक्ते येतात. ताशी ८० किलोमीटरला आश्टोमध्ये थांबण्याचं अंतर १३० मीटर आहे, आपल्यापेक्षा जास्तच. पण तिथे अडथळ्याची उंची ०.६० मीटर धरतात, साधारण गाडीच्या मागच्या दिव्याइतकी. डोळा १.०८ मीटरवर. त्यामुळे समिटसाठी के लागतो फक्त २६. आयआरसीमध्ये अडथळा ०.१५ मीटरचा, म्हणजे रस्त्यावर पडलेला दगड धरतात, म्हणून के लागतो ३२.७.

आता आपल्या उदाहरणातला बदललेला के आठवा. २९.६. आश्टोच्या फाइलने तपासलं तर पास. त्रिकोण नाही, इशारा नाही, सगळं छान. आयआरसीने तपासलं तर नापास. सॉफ्टवेअरने काही खोटं सांगितलेलं नाही. त्याला जो प्रश्न विचारला त्याचं बरोबर उत्तर त्याने दिलं. म्हणून नवं काम सुरू करताना क्रायटेरिया फाइल उघडून त्यातल्या दोन-तीन वेगांचे आकडे स्वतः हाताने पडताळून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि एक लक्षात घ्या. सखल बिंदू मोरीवरून सरकला, याचा त्रिकोण कुठल्याच फाइलमध्ये येत नाही. घराचा उंबरठा रस्त्याच्या खाली गेला, याचाही येत नाही. ते आपणच बघायचं.

मी आता हे काम कसं करतो

पद्धत साधी आहे.

आधी न हलणारे बिंदू लिहून काढायचे. सुरुवातीला आणि शेवटी जुळणाऱ्या रस्त्याची लेव्हल. पुलाची लेव्हल, जी पुराच्या पातळीवरून ठरलेली असते. वरून पूल जात असेल तर खालून वाहन जायला लागणारी उंची, अंडरपासला साडेपाच मीटर. रेल्वे फाटक. मोरीचं चेनेज. आणि गावठाणात घरांच्या जोत्यांच्या लेव्हल. हे शेवटचं सर्व्हेमध्ये बहुधा नसतं, मागून घ्यावं लागतं. हे सगळे बिंदू प्रोफाइल व्ह्यूमध्ये खुणा करून ठेवायचे, म्हणजे बदल करताना ते डोळ्यांसमोर राहतात.

मग मूळ प्रोफाइलची कॉपी काढायची आणि कॉपीवर काम करायचं. जुना प्रोफाइल पुसायचा नाही. दोन्ही रेषा एकाच व्ह्यूमध्ये वेगळ्या रंगात दिसल्या की काय बदललं ते लपत नाही.

मग बदल करायचा, शक्यतो तक्त्यात. आणि लगेच तीन पीव्हीआयच्या ओळी वाचायच्या: बदललेला, आधीचा, नंतरचा. प्रत्येक ओळीत ग्रेड रूलिंगच्या आत आहे का, के पुरेसा आहे का.

मग पाणी. प्रत्येक व्हॅलीचा सखल बिंदू काढायचा आणि मोरीच्या चेनेजशी ताडून बघायचा. कटिंगमध्ये रस्ता फार सपाट तर झाला नाही ना? तिथे बाजूचं गटार रस्त्याच्या ग्रेडनेच वाहतं. गटार पक्कं असेल तर किमान ०.५ टक्के, कच्चं असेल तर १ टक्का उतार हवा.

सगळ्यात शेवटी कॉरिडॉर रीबिल्ड करायचा आणि क्रॉस-सेक्शन बघायचे. मातीकामाचे आकडे तोपर्यंत बघूच नका. आकडा आधी बघितला की मन त्या आकड्याच्या बाजूने निकाल देतं. हा माझा अनुभव आहे.

काही प्रश्न

*एकांनी विचारलंय: कर्व्ह जितका लांब तितका चांगला, मग सरसकट मोठाच का नको?*

दृष्टीअंतरासाठी हो. पण पाण्यासाठी नाही. कर्व्हच्या माथ्यावर किंवा तळाशी ग्रेड शून्यातून जातो, आणि त्याच्या आजूबाजूला रस्ता जवळजवळ सपाट असतो. के ३४ असेल तर ०.३ टक्क्यांपेक्षा कमी उताराचा तुकडा सुमारे २० मीटरचा. के १०० केला तर तोच तुकडा ६० मीटरचा. बाजूला कर्ब असलेल्या शहरातल्या रस्त्यावर तिथे पाणी रेंगाळतं. शिवाय लांब कर्व्ह म्हणजे समिटला जास्त खोदाई आणि व्हॅलीला जास्त भराव. गरजेपेक्षा थोडा मोठा घ्या, उगाच अवाढव्य नको.

*दुसरा प्रश्न: प्रोफाइल पूर्ण झाल्यावर अलाइनमेंट थोडी बदलली तर?*

फार चांगला प्रश्न. जमिनीची रेषा डायनॅमिक ठेवलेली असेल तर ती आपोआप नव्याने येते. आपली डिझाइन रेषा मात्र जिथल्या तिथे, जुन्याच चेनेजवर राहते. समजा सुरुवातीला एक वळण सुधारलं आणि रस्ता १५ मीटरने आखूड झाला. आता त्यापुढची प्रत्येक गोष्ट १५ मीटर अलीकडच्या चेनेजवर आली. १८०७ ची मोरी झाली १७९२ ला. पण प्रोफाइलचा सखल बिंदू अजून १८०७ लाच बसलाय. स्क्रीनवर रेषा सुंदर दिसते, एकही इशारा येत नाही. म्हणून अलाइनमेंटला हात लागला की प्रोफाइल नव्यानेच तपासायला घ्यायचा, आधी न हलणाऱ्या बिंदूंपासून.

*शेवटचा प्रश्न: गावात रस्त्याची लेव्हल वाढवावीच लागली तर?*

आधी खरंच लागते का ते बघा. जुना थर खरवडून काढून त्याच लेव्हलला नवा देता येतो का? गावापुरता काँक्रीटचा रस्ता थोडं खोदून बसवता येतो का? नाहीच जमलं तर रस्त्याच्या आधी गटाराचा प्रोफाइल आखा, आणि त्या गटाराचं तोंड कुठे उघडतं ते साइटवर जाऊन बघून या. उंबरठा खाली राहणार असेल तर त्या घरातल्या माणसांना काम सुरू व्हायच्या आधी सांगा.

त्या आजींच्या घरासमोर आम्ही पुढे पक्कं गटार करून पाणी मोरीत वळवलं. खर्च आला, आणि कातळ न फोडून जे वाचवलं होतं त्यातला बराच भाग तिथे गेला. तेव्हापासून मी पीव्हीआय हलवला की आधी शेजारच्या दोन पीव्हीआयकडे बघतो, आणि मग त्यांच्या शेजारी कोण राहतं तेही बघतो.

पुढच्या वेळी क्रॉस-सेक्शन आणि कॉरिडॉर घेऊ. तोपर्यंत आजचं उदाहरण हाताने एकदा सोडवून बघा. १४०० चा पीव्हीआय दीडऐवजी एक मीटर उचला आणि सखल बिंदू कुठे जातो ते काढा.